स्वस्ताई कुणाच्या पदरची?

गेल्या श्रावणात आपल्या मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा वृत्तान्त मागील अंकात छापून आला आहे. युरोपातील समुद्रकाठच्या एखाद्या स्वस्त शहरात निवृत्तीचा काळ कसा घालवावा, असा तो विषय होता आणि शहर होते लिस्बन. ‘व्याख्यान उद्बोधक झाले व श्रोत्यांनी टाळ्यांच्या गजरात दाद दिली,’ असे वृत्तान्तलेखक म्हणतात. टाळ्या झाल्या हे खरेच. त्या न वाजवणाऱ्यांत प्रस्तुत लेखक होता, एवढी नोंद मात्र राहून गेली. ती या लेखाने भरून काढतो. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत दुसऱ्या रांगेत माझी थोरली बहीण होती, हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे या लेखातली कळकळ निव्वळ तात्त्विक आहे असा समज होणार नाही.

व्याख्यात्यांविषयी माझ्या मनात किंतु नाही. गृहस्थ सज्जन आहेत, मंडळाला ते दरवर्षी देणगी देतात, मराठीही नितळ बोलतात. हयात इंग्लंडमध्ये नोकरी केली, २०१७ साली निवृत्त झाले आणि लिस्बनला जाऊन राहिले. त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. घरभाडे, किराणा, मासळी, वीज व पाणी, प्रवास, आठवड्यातून दोनदा बाहेरचे जेवण आणि ‘इतर’ असे रकाने, आणि खाली नवराबायकोच्या महिन्याच्या खर्चाची बेरीज. ती लंडनच्या खर्चाच्या निम्मीही भरत नव्हती. घरभाड्याचा आकडा २०१७ च्या जुन्या कराराचा होता, हे त्यांनी एका श्रोत्याने विचारल्यावर सांगितले. आज तेच घर त्या भाड्याला मिळणार नाही हेही प्रांजळपणे मान्य केले. पण तक्ता तोच राहिला. ‘शहर मुळातच स्वस्त आहे,’ हे वाक्य त्यांनी तासाभरात निदान पाच वेळा उच्चारले असेल.

माझे भांडण या ‘मुळातच’शी आहे.

मी छत्तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले, त्यामुळे ही खोड जात नाही. उंच, थंड, निळा ही विशेषणे आपल्या पायांवर उभी राहतात. डोंगर उंच आहे म्हटले की अर्थ पुरा होतो. ‘स्वस्त’ हे विशेषण तसे नाही. त्याला ‘कोणाला?’ या प्रश्नाची जोड लागतेच. व्याख्यात्यांच्या वाक्यात ती जोड गाळलेली होती, आणि जे गाळलेले असते तेच बहुधा वाक्यातले मुख्य असते. हवेसारखी, उन्हासारखी स्वस्ताई ही जणू त्या शहराची नैसर्गिक देणगी आहे. देवाने लिस्बनला ऊन दिले, तेजो नदीचे मुख दिले, सार्डिन मासे दिले आणि जाता जाता कमी भावही देऊन ठेवले, असा एकंदर सूर. भाव देव ठरवत नाही. कोणीतरी कमी मजुरीवर स्वयंपाक करतो म्हणून ताट स्वस्त पडते.

आता त्या तक्त्यात जो रकाना नव्हता तो भरू. पोर्तुगालमध्ये किमान वेतन २०१५ साली महिना ५०५ युरो होते. २०२४ साली ते ८२० झाले आणि २०२५ साली ८७०. (तिथे वर्षाचे पगार बारा नव्हे तर चौदा मिळतात, एक उन्हाळ्यात आणि एक नाताळात; हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.) म्हणजे नऊ वर्षांत वेतन सुमारे साठ टक्क्यांनी वाढले, ही काही थोडी गोष्ट नव्हे. याच काळात त्या देशातल्या घरांच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. लिस्बनमध्ये तर साध्या एका शयनगृहाच्या घराचे भाडे किमान वेतनाच्या पुढे निघून गेले आहे. जो माणूस शहराचे दिवे लावतो, ताटे धुतो, म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो, त्याच्या महिन्याच्या पगारात त्या शहरातले एक घरही बसत नाही. अशा शहराला स्वस्त म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण मग कोणाच्या वतीने बोलता तेही सांगा.

याहून बोलका आकडा सरकारनेच ठरवून दिला आहे. दूर बसून परदेशी मालकाचे काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरात एक स्वतंत्र व्हिसा सुरू केला. त्याची अट अशी की अर्जदाराचे मासिक उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट असले पाहिजे. २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. पाहुणा घ्यायचा तो यजमानाच्या चौपट कमावणाराच घ्यायचा, असा हा दंडक आहे. घरमालकाने कोणाकडे पाहून भाडे ठरवावे, याची सूचनाच जणू सरकारी शिक्क्यानिशी निघाली.

आणि कर? व्याख्यात्यांनी ‘करसवलत’ असा एक शब्द उच्चारला व पुढे गेले. मी तिथे थोडा थांबतो. २००९ साली पोर्तुगालने बाहेरून येणाऱ्यांसाठी दहा वर्षांची एक खास करव्यवस्था केली. तिच्याखाली परदेशातून येणाऱ्या निवृत्तिवेतनावर २०२० पर्यंत पोर्तुगालमध्ये करच नव्हता. त्या वर्षीपासून नव्याने येणाऱ्यांना दहा टक्के लागू झाला. फिनलंड आणि स्वीडन या देशांना हे इतके खटकले की त्यांनी पोर्तुगालशी असलेले आपले करविषयक करार मोडीत काढले. ही व्यवस्था २०२४ पासून नव्या निवृत्तांना बंद झाली, पण जे आधी शिरले ते आपली दहा वर्षे पुरी करतात. म्हणजे २०१७ साली गेलेल्या माणसाला इंग्लंडच्या पेन्शनवर तिथे काही द्यावे लागत नाही आणि त्याची भांडी घासणाऱ्याच्या किमान वेतनातून ११ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात. एकाच बसमध्ये दोघे शेजारी बसतात. कायद्याने यात गैर काही नाही. पण या व्यवस्थेला ‘मुळातली स्वस्ताई’ म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी शेंदून आपल्या झाडाच्या गोडीचे कौतुक करणे आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा भाचा लिस्बनला असतो आणि २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मी सहा आठवडे तिकडे राहून आलो. भावोजींचा जन्म १९५४ चा, बार्देशातला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, त्या वाटेने भाच्याने कागद केले. त्याच्या आधीच्या पिढीने हे कागद इंग्लंडला जाण्यासाठी केले. स्विंडनसारख्या गावात आपल्या लोकांच्या आख्ख्या गल्ल्या आहेत. २०२० अखेर ब्रिटनचे दार मिटले आणि ज्या देशाचे पारपत्र घेतले त्याच देशात जाऊन राहायची पाळी आमच्या पोरांवर आली. यातला विनोद इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना समजावून सांगावा.

भाचा शहराच्या मध्यभागी एका खानावळीच्या मुदपाकखान्यात आहे. आधी भांडी घासली, आता निखाऱ्यावर मासे भाजतो. हातात महिना ७३० युरो येतात. आमादोरा या उपनगरात तीन खोल्यांच्या घरात सात माणसे, त्यांतली एक खोली ४५० युरोंची. ती हा आणि एक नेपाळी मुलगा वाटून घेतात. मी गेलो तेव्हा त्या मुलाने बापड्याने सहा आठवडे आपली गादी स्वयंपाकघरात नेली आणि मला पलंग दिला. मोबदल्यात काही घ्यायला तयार होईना. घरमालकाने करारपत्र दिलेले नाही, पावतीही देत नाही. करारपत्र नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून एकेक सरकारी काम अडते. हिवाळ्यात भिंतींना बुरशी येते, त्यावर मालकाचे उत्तर ‘खिडकी उघडी ठेवा’ हे. एकदा भाच्याच्या खानावळीत त्याने मला आग्रहाने जेवायला नेले. त्याने भाजलेल्या माशाच्या ताटाची किंमत कार्डावर १८ युरो होती. शेजारच्या टेबलावरचे जोडपे आपसात म्हणत होते की एवढ्यात आपल्याकडे एक पेयसुद्धा येत नाही. भाच्याला ताशी पाच युरोंच्या आसपास पडतात. जे ताट तो दिवसाला साठ वेळा वाढतो, ते खायला त्याला साडेतीन तास उभे राहावे लागते. हा हिशेब तो कधी करत नव्हता. मामाने केला आणि त्याच्या जेवणाची चव घालवली, याचे मला अजून वाईट वाटते.

शहर सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. आल्फामाच्या चढावर सकाळी बिका, म्हणजे तिथली कडक कॉफी, पीत बसले की फोंताइन्हाश आठवते. किंबहुना पणजीच्या त्या वाड्याचे मूळ इथेच आहे हे जाणवते. पण चढत जावे तसे दिसते की दारांवर घंटीऐवजी आकड्यांची कुलुपे आहेत आणि चाकांच्या पेट्या फरशीवरून खडखडत चालल्या आहेत. लिस्बन शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये आठ लाखांवर होती. २०२१ च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या आत आहे. उपनगरांकडे जाण्याचा ओघ जुना आहे, तो सगळा पर्यटकांच्या माथी मारता येणार नाही. पण आल्फामा, मोरारिया हे ज्या जुन्या पेठेत येतात तिथली वस्ती २०११ ते २०२१ या दहा वर्षांतच सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांचे फोटो काढायला लोक येतात आणि कपडे वाळत घालणारी माणसे कमी होत जातात.

हे आपोआप झाले नाही, म्हणून त्याची कुळकथा थोडी सांगणे भाग आहे. सालाझारच्या राजवटीत लिस्बनमधली भाडी गोठवली गेली आणि ती दशकानुदशके तशीच राहिली. परिणाम आपल्याला मुंबईवरून ठाऊक आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने गिरगावात जे झाले तेच तिथे झाले. भाडेकरू सुरक्षित, मालक हात वर करून बसलेला, आणि इमारतीचे छत दोघांच्या डोक्यावर गळते आहे. ही स्थिती चांगली होती असे मी म्हणणार नाही. मग २००८ नंतरची मंदी आली, २०११ च्या मे महिन्यात देशाला ७८ अब्ज युरोंचे बाहेरचे कर्ज घ्यावे लागले आणि त्याच्या अटींबरोबर भाडेकायदा सैल करण्याचीही अट आली. २०१२ साली नवा कायदा झाला. त्याच वर्षी, पाच लाख युरोंचे घर विकत घेणाऱ्या परक्याला देशात राहण्याचा परवाना देणारी योजना निघाली. २०१४ साली पर्यटकांना दिवसावर घरे देण्याचे नियम सुटसुटीत झाले. इकडे मंदीमुळे नवी बांधकामे जवळजवळ थांबलेली. घरे वाढली नाहीत, त्यांवर हक्क सांगणारे मात्र जगभरातून बोलावले गेले. यातले प्रत्येक पाऊल कोणीतरी विचारपूर्वक टाकलेले आहे. त्याचे फायदेही झाले. गळकी छपरे दुरुस्त झाली, मंदीत रोजगार मिळाले, माझ्या भाच्याची नोकरीही त्याच पर्यटकांमुळे आहे. पण दुरुस्त छपराखाली जुना भाडेकरू उरला नाही.

तिथल्या लोकांनी हे मुकाट्याने सोसले असेही नाही. त्यांच्या १९७६ च्या राज्यघटनेतले ६५ वे कलम प्रत्येकाला राहत्या घराचा हक्क देते. २०२३ च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर अखेरीस लिस्बनमध्ये आणि इतर शहरांत हजारो लोक घरांसाठी रस्त्यावर उतरले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात घरखरेदीवर परवाना देण्याची वाट सरकारने बंद केली. पण २०२५ च्या जुलैत लिस्बनला लागून असलेल्या लोउरेश पालिकेत तालुद मिलितार नावाच्या वस्तीतल्या झोपड्या पाडल्या गेल्या, हे मी वृत्तपत्रांत वाचले आणि हबकलो. झोपडपट्ट्या संपवण्यासाठी त्या देशाने १९९३ साली मोठी पुनर्वसन योजना हाती घेतली होती आणि ती बरीच यशस्वीही झाली होती. तीस वर्षांनी पत्र्याची खोपटी परत उभी राहतात, त्यात नोकरीवर जाणारी, पगार घेणारी माणसे राहतात. व्याख्यात्यांचा तक्ता आणि हा पत्रा एकाच शहराच्या हद्दीवर आहेत.

यावर माझ्या एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला. ‘तुमचा भाचाही परकाच की. त्याच्यासारखे हजारो गेले म्हणून तर खोल्यांचे भाव चढले. पेन्शनरांवर काय म्हणून रागावता?’ आक्षेप वाजवी आहे. सात माणसे एका घरात कोंबली की मालकाला एका कुटुंबाच्या दुप्पट भाडे सुटते आणि स्थानिक कुटुंब त्या स्पर्धेतून बाद होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण दोघांत एक फरक आहे. भाचा तिथल्या पगारावर तिथले भाडे भरतो. त्या शहराची महागाई त्याला अंगावर घ्यावीच लागते. पेन्शनर दुसऱ्या देशाच्या पगारावर या देशाचे भाव भोगतो, आणि ते महाग झाले की पुढचे शहर शोधतो. व्याख्यानाच्या शेवटी व्याख्यात्यांनी तेही सांगितले होते. लिस्बन आता पूर्वीसारखे राहिले नाही म्हणे, म्हणून ते दक्षिण स्पेनकडे किंवा आल्बानियाच्या किनाऱ्याकडे पाहत आहेत. टोळधाडीच्या मनात शेताविषयी वैर नसते.

शिवाय राग निघतो कोणावर, तेही पाहा. मार्तीं मोनीझ चौकाला लागून बेन्फोर्मोझो नावाची अरुंद गल्ली आहे. आपल्या उपखंडातल्या माणसांची तिथे दाट वस्ती आहे. बांगलादेशी वाणी, नेपाळी खानावळी, एक गुजराती माणूस तर मला तिथे चक्क कडधान्ये विकताना भेटला. १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी ती गल्ली दोन्हीकडून अडवली आणि डझनावारी माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून रांगेत उभे केले. ती छायाचित्रे पोर्तुगालभर गाजली आणि त्यावर निषेधाचे मोर्चेही निघाले. भाचा त्या दिवशी तिथे नव्हता, दैवाने. इकडे आम्ही त्याच दिवशी मुक्तिदिनाचे झेंडावंदन करून जिलेबी खात होतो. भाव चढवणारा पेन्शनर किंवा गुंतवणूकदार कधी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला मी ऐकला नाही.

त्या तक्त्यातली एक ओळ मात्र खरोखर स्वस्त होती आणि तिच्याबद्दल व्याख्यात्यांनी सर्वांत कमी वेळ दिला. ती म्हणजे प्रवास. २०१९ च्या एप्रिलपासून लिस्बन शहरात महिनाभर हवा तेवढा प्रवास ३० युरोंत आणि सगळ्या उपनगरांसह ४० युरोंत करता येतो. त्याआधी लांबच्या उपनगरातून येणाऱ्याला याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागत. आगगाडी, भुयारी रेल्वे, बस, नदीपार नेणारी फेरीबोट, सगळे त्यात आले. भाचाही ४०च देतो. ही स्वस्ताई कोणाच्या पगारातून कापून आणलेली नाही. सरकारने आणि पालिकांनी ठरवून, खजिन्यातून पैसे घालून ती घडवली आहे. अशा स्वस्ताईवर कोणी व्याख्यान दिले तर मी पहिल्या रांगेत बसेन.

आणि आपल्याला हे बाहेरून शिकायचीही गरज नव्हती. परगावी स्वस्तात राहणे म्हणजे काय, हे गोवेकरांनी मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. गिरगाव, धोबीतलाव, डोंगरी, माझगाव या भागांत आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या ‘कूड’ होत्या. काही अजूनही तग धरून आहेत. एकेका गावाची एकेक कूड. गावच्या लोकांनी वर्गणी काढून जागा घ्यायची, आणि बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या, दोन सफरींमध्ये अडकलेल्या, आजारी पडलेल्या गाववाल्याने नाममात्र पैशात तिथे पथारी पसरायची. भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी तेर्स. ऐषआराम नव्हता. पण जो राहत होता त्याने दुसऱ्या कोणाला उठवून ती जागा घेतलेली नव्हती, आणि गावातल्या ज्यांनी वर्गणी भरली ते त्याला नावाने ओळखत होते. लिस्बनला आज गोव्याचे इतके लोक आहेत; एक कूड उभी राहिली असती तर माझ्या भाच्याला पत्त्याचा पुरावा मिळाला असता. आम्ही त्याऐवजी तक्ते करतो.

आता ताईविषयी. बार्देशातले तिचे घर मोठे आहे, चार पिढ्यांचे. भावोजी गेल्यापासून ती एकटी असते. मागच्या अंगाला मुंडकाराचे घर आहे. त्यांच्या तिसऱ्या पिढीची सून ताईला रोज सकाळी विचारून जाते, रात्री झोप लागली का म्हणून. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्या कुटुंबाला तिथून कोणी हलवू शकत नाही, पण त्यांच्या नोंदणीचा अर्ज वर्षानुवर्षे रखडलेला आहे आणि नवा मालक आला की अशा अर्जांचे काय होते हे बार्देशात सर्वांना ठाऊक आहे. व्याख्यानानंतर ताईच्या मनाने घेतले की घर विकावे, येणाऱ्या पैशात लिस्बनला जागा घ्यावी आणि मुलाजवळ राहावे. आईने मुलाजवळ राहावे यात वावगे काय? काहीच नाही. म्हणून मी तिच्याशी भांडू शकत नाही आणि व्याख्यात्यांशी भांडतो.

गिऱ्हाईक आले ते दिल्लीकडचे. तरुण, गोड बोलणारे जोडपे. घर पाहिले, विहीर पाहिली, फणसाच्या सावलीत उभे राहून त्यांनी फोटो काढले, आणि तो गृहस्थ मला म्हणाला, ‘अंकल, इतक्या पैशात आमच्याकडे तीन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा येत नाही. गोवा फार स्वस्त आहे.’ अक्षरशः तेच वाक्य! मला क्षणभर वाटले, व्याख्यातेच वेष पालटून आले आहेत. त्याच्या हातातल्या कागदावरही तसाच तक्ता होता. घराची डागडुजी, पोहण्याची टाकी, केअरटेकरचा पगार, वर्षातले आठ महिने दिवसावर दिले तर येणारे उत्पन्न. मुंडकाराच्या घराच्या जागी त्याने ‘मागची शेड’ असे लिहिले होते.

त्याच गावात नळजोडणीचे काम करणाऱ्या एका मुलाचे लग्न ठरले आहे आणि त्याला दोन खोल्या भाड्याने मिळत नाहीत. बंद घरे मोजली तर बोटे पुरत नाहीत. २०११ च्या जनगणनेतच गोव्यात पाचातले सुमारे एक घर रिकामे आढळले होते. पण उघडी आहेत ती दिवसावर देण्यासाठी, आणि बंद आहेत ती पुढच्या भावासाठी. वर २०२३ आणि २०२४ साली नगरनियोजनाच्या कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी शेतजमीन व डोंगरउतार यांचा वापर बदलणे आणखी सोपे झाले, आणि त्यावर न्यायालयात भांडणे चालू झाली. म्हणजे लिस्बनला जो खेळ एक दशक चालला, त्याचे आमच्याकडचे प्रयोग हाऊसफुल्ल आहेत. इथून उठणारा तिथे स्वस्त शोधतो, तिथला सांगाती इथे स्वस्त शोधतो, आणि दोन्हीकडचा नळवाला खोली शोधतो.

संपादकांना माझी एक सूचना आहे. व्याख्यात्यांचा तक्ता पुढील अंकात छापण्याचा विचार असल्याचे वृत्तान्तात म्हटले आहे. अवश्य छापावा. मात्र त्यात एक रकाना वाढवावा. प्रत्येक खर्चासमोर, ती वस्तू किंवा सेवा पुरवणाऱ्या माणसाला तेच घ्यायला किती तास राबावे लागते, हे लिहावे. आकडे मिळवण्यात अडचण आली तर भाचा मदत करील. मंगळवारी त्याला सुट्टी असते.

ताईसमोर मी असा रकाना काढून ठेवला. तिने चष्मा लावून तो वाचला, घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवला आणि एवढेच विचारले की मागच्या सुनेच्या अर्जाचे काम आधी पुरे करून देता येईल का, आणि त्याला किती दिवस लागतील. मी चौकशी करतो म्हणालो आहे. इसार अजून घेतलेला नाही. दलाल रविवारी परत येणार आहे.